पद्मिनीतील गाणे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

माझ्या एका स्नेह्यांकडे १९७० च्या दशकातील प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्यापासून ती एकाच कुटुंबाच्या ताब्यात राहिल्यामुळे तिच्या डॅशबोर्डाच्या पत्र्यावरील मूळ रंगसुद्धा जवळजवळ अबाधित होता. परंतु दोन वर्षांपूर्वी गाडीत गाणी हवीत म्हणून त्यांनी ती एका दुकानदाराच्या स्वाधीन केली, आणि संध्याकाळी ती परत आली तेव्हा त्या पत्र्याला हातकटरने पाडलेले, एका बाजूस किंचित तिरपे गेलेले आयताकृती भगदाड पडलेले होते आणि त्यात निळ्या प्रकाशाने लुकलुकणारे एक यंत्र बसलेले होते. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या भगदाडाच्या कडेवरून मी बोट फिरविले, तर बोटाला गंजाचा तांबूस भुगा लागला.

जुन्या गाडीत नवा संच बसवावयाचा तर पत्रा कापावाच लागतो, हा समज इतका रूढ आहे की कारागीर मालकाला विचारण्याची तसदीही घेत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. आजच्या सामान्य संचाला सुमारे १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच असे भोक लागते हे खरे; पण त्या काळचे रेडिओ दोन बाजूंच्या दोन दांड्यांवर आणि मधल्या खिडकीवर बसत, आणि तशाच दोन दांड्यांचे, जुन्या चेहऱ्याचे, आतून मात्र अर्वाचीन असे संच आज विकत मिळतात. तेही नको असेल तर जेवणाच्या डब्याएवढा छोटा ॲम्प्लिफायर आसनाखाली ठेवून मोबाइलवरील गाणे ब्लूटूथने त्याच्यापर्यंत पोहोचविता येते, आणि डॅशबोर्डाला कोणाचाही हात लागत नाही. मूळ रेडिओच्या कवचात नवे मंडल बसविण्याचीही पद्धत आहे. ती मला मान्य आहे, परंतु काढलेले जुने मंडल भंगारात जाऊ नये एवढी अट घालूनच.

दुसरा समज वॅटच्या आकड्याविषयीचा आहे, आणि त्याने माणसाचे पैसे आणि गाडीची वायरिंग या दोहोंचीही हानी होते. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि ग्राहक मनातल्या मनात २०० चा हिशेब करतो. आता गणित पाहू. इंजिन चालू असताना गाडीतील दाब फार तर १४.४ व्होल्ट असतो. ज्या संचात हा दाब वाढविणारी वेगळी योजना नाही, त्याच्याकडून ४ ओहम रोधाच्या स्पीकरला शुद्ध, अविकृत स्वरात पोहोचू शकणारी कमाल शक्ती सुमारे २६ वॅट भरते, आणि संचाच्या अंगभूत तुटी वजा केल्या की प्रत्यक्षात २० च्या आसपासच उरते. खोक्यावरचे ५० हे स्वर पूर्णपणे फाटून त्याची लहर चौकोनी झाली म्हणजे मिळणारे ५० असतात. ते कोणाही रसिकाला ऐकवणार नाहीत. शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा ३ डेसिबल वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावा अशी इच्छा असेल तर शक्ती जवळजवळ दसपट करावी लागते. म्हणून वॅटमागे धावण्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता पाहावी हे श्रेयस्कर: ८६ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा घेतला, तर तेवढाच आवाज एक चतुर्थांश शक्तीत मिळतो.

आणि जुन्या गाडीत ही काटकसर अत्यावश्यक असते, कारण तेथे विजेची आवकच तुटपुंजी असते. त्या काळच्या अनेक मोटारींत अल्टरनेटर नसून डायनमो असे. ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणारा लुकासचा सी-४० हा डायनमो पूर्ण वेगात फिरताना २२ अँपिअर देई, आणि इंजिन मंद चालत असताना कोणत्याही डायनमोचे उत्पन्न जवळजवळ शून्यावर येते. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचे दोन्ही दिवे लागलेले असताना गाण्याचा सगळा खर्च बॅटरीच्या शिलकेतून होतो, ही गोष्ट ज्याने ध्यानात घेतली, तो मोठ्या ॲम्प्लिफायरचा हट्ट आपण होऊन सोडतो आणि ‘क्लास डी’ जातीचा, कमी उष्णता उधळणारा लहान ॲम्प्लिफायर पसंत करतो.

‘बारा व्होल्टची गाडी म्हणजे कोणताही संच चालेल’ हा समज तर प्रसंगी आगीला निमंत्रण देणारा आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या मॉरिस, एम.जी., लँड रोव्हर अशा अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातील जुनी ॲम्बॅसडर ज्याच्याकडे असेल त्यानेही बॉनेट उघडून हे स्वतः पाहून घ्यावे. आजच्या संचाचे धातूचे कवच ऋण असते. त्यामुळे तो अशा सांगाड्याला टेकला की शॉर्ट होतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्याला अलग केले तरी एरियलच्या वायरीची बाहेरची जाळी मडगार्डला टेकलेली असतेच, ही गोष्ट भलेभले विसरतात. बॅटरीची टोके उलटी करून गाडी ऋण अर्थिंगवर आणता येते. मात्र मग डायनमोला नव्याने ध्रुवता द्यावी लागते, इग्निशन कॉइलच्या आणि अँमीटरच्या वायरी बदलाव्या लागतात, आणि हे काम जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करवून घ्यावे. जुन्या बीटलमध्ये तर बॅटरीच ६ व्होल्टची असे; तेथे प्रश्न मुळापासूनच वेगळा.

गाण्यामागे खरखर ऐकू आली की दोष संचाला दिला जातो. वास्तविक कानानेच निदान करता येते. इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी शिट्टी विद्युत्निर्मितीकडून किंवा सदोष अर्थिंगमधून येते, आणि तुटक टकटक ही ठिणगीची असते. पहिल्यासाठी संच आणि ॲम्प्लिफायर यांचे अर्थिंग रंग खरवडून उघड्या केलेल्या एकाच बिंदूला जोडावे. दुसऱ्यासाठी प्लगच्या वायरी रोधयुक्त घ्याव्यात आणि कॉइलच्या स्विचकडील टोकाला कंडेन्सर लावावा. सीबी पॉइंटच्या बाजूला तो लावला तर ठिणगीच दुबळी होते, तेव्हा येथे घाई नको.

आसनाखाली सुटा स्पीकर ठेवला की खर्ज येत नाही, याचे कारण स्पीकरच्या पाठीमागून निघणारी लहर पुढच्या लहरीला खोडून काढते हे आहे. त्याला फळी किंवा पेटी हवी. मागच्या काचेखालच्या मूळ तक्त्याचा नमुना घेऊन त्याच मापाची प्लायवूडची फळी कापावी, स्पीकर तीत बसवावेत आणि मूळ तक्ता माळ्यावर जपून ठेवावा. दारांच्या पत्र्याला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. थरथर थांबविण्यासाठी सगळा पत्रा मढवावा लागतो हेही खरे नव्हे: थरथरणाऱ्या पृष्ठाच्या सुमारे चतुर्थांशावर ब्यूटिलची पट्टी पुरते. कोकणात किंवा मुंबईत पायांखाली नमदा घालू नये. तो पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा कुजतो. दारांच्या तळाची निचऱ्याची भोकेही बुजवू नयेत.

फ्यूज संचासाठी नसून वायरीसाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच असावा. घड्याळाची आठवण राखणारी वायर अखंड चालू असते. २० मिलिअँपिअरच्या हिशेबाने ती ३० दिवसांत सुमारे १४ अँपिअर-तास खाते, आणि महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. तेथे स्वतंत्र स्विच लावावा.

भारत सरकारच्या १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनास व्हिंटेज म्हणून नोंदणीचा दाखला मिळू शकतो, आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव घेतलेल्या या गाड्यांतील पहिल्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांना विनंती आहे: काढलेला प्रत्येक स्क्रू, तक्ता आणि वायरीचा तुकडा कापडी पिशवीत घालून, कोठून काढला ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, काम चालू असताना स्वतः गाडीजवळ उभे राहा, आणि कारागिराने कटर उचललाच, तर त्याचा हात तेथेच थांबवा.