धुराचे वय
लेखांक सातवा

धूर धान्यात कसा शिरतो, हे गेल्या लेखांकात पाहिले. तो धूर व्हिस्कीसह ओकच्या पिंपात पंचवीस-तीस वर्षे राहिल्यावर त्याचे काय होते आणि पेल्यात तो कसा ओळखावा, हा आजचा विषय आहे. असा विषय आपल्याकडे नवा वाटेल, त्याचे कारण इतिहासात आहे: १९४८ पर्यंत हसनाबादकडचा हा आपला मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि आबकारी ही त्या दौलतीच्या उत्पन्नाची मोठी बाब होती. त्या काळापासून मद्याचा विचार आपल्याकडे मक्ता, महसूल आणि जप्ती यांच्याच परिभाषेत होत आला, रसज्ञतेच्या परिभाषेत क्वचितच झाला. ती उणीव थोडीफार भरून काढावी, हा या लेखमालेचा हेतू आहे.

हसनाबादच्या शिवारात शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीवर भाजलेला हुरडा ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना इंधनाचा गंध दाण्यात मुरून त्याच्या चवीशी कसा एकजीव होतो, हे समजावून सांगावे लागणार नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या आइला बेटावर मोड आलेले जव पीटच्या, म्हणजे दलदलीत सहस्रावधी वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, धुराने भारून सुकवितात, तेव्हा ग्वायाकॉल, क्रेसॉल आदी फिनॉलवर्गीय द्रव्ये दाण्यात उतरतात. या द्रव्यांचे प्रमाण दहा लाख भागांत तेथील आर्डबेग कारखान्याच्या माल्टमध्ये, म्हणजे अशा सुकविलेल्या जवात, सुमारे ५५, तर लॅगाव्हुलिन कारखान्याच्या माल्टमध्ये सुमारे ३५ असते. परंतु हे आकडे सुकविलेल्या धान्याचे आहेत, पेल्यातील मद्याचे नव्हेत, कारण आंबविणे आणि ऊर्ध्वपातन यांत त्यांतील बराच अंश गळून जातो आणि उरलेला पिंपात वर्षानुवर्षे ओसरत राहतो.

या ओसरण्यातच दीर्घ मुरवणीचे मर्म आहे. तरुण मद्यात धूर दर्शनीच उभा असतो. त्यात डांबराचा, आयोडिनाचा, विझलेल्या राखेचा उग्र दर्प जाणवतो. पुढे लाकूड त्यात व्हॅनिला आणि कषाय द्रव्ये सोडते, पिंपाच्या फटींतून शिरणारी हवा मद्याचे संथपणे रूपांतर करते, आणि धूर मागे सरू लागताच त्याने इतका काळ झाकलेला फळांचा, मधाचा, जुन्या चामड्याचा गंध प्रकट होतो.

मात्र वर्षांची संख्या हवामानावाचून वाचली, तर ती फसविते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातील मद्य दरसाल सुमारे २ टक्के उडून जाते, ज्याला तिकडे देवदूतांचा हिस्सा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळी येथील पॉल जॉनच्या कारखान्यात हाच हिस्सा सुमारे ८ टक्के आहे. याच दराने हिशेब केला, तर १०० लिटरचे २५ वर्षांनी तिकडे सुमारे ६० लिटर उरतील, तर गोव्यात जेमतेम १२. आणि उष्णतेमुळे लाकडाचा अंमल इतका झपाट्याने चढतो, की त्याखाली धूर आणि धान्य दोन्ही दबून जावीत. म्हणूनच स्कॉटलंडहून पीट आणून सहा ओळींच्या कणसाच्या भारतीय जवापासून केलेले, २०१२ साली प्रथम लंडनच्या बाजारात उतरलेले हे गोव्याचे मद्य थोड्याच वर्षांत पक्व होते, आणि तेवढ्यावरून त्याला कमी दर्जाचे ठरविणे हा अन्याय होय. जुनेपणाची खरी कसोटी धूर, धान्य आणि लाकूड या तिघांनी परस्परांना किती जागा दिली, ही आहे.

ती कसोटी लावण्याची रीत अशी. प्रथम धूररहित मद्य चाखावे, कारण धुरानंतर जीभ नाजूक स्वाद ओळखू शकत नाही. तोंडाशी निमुळत्या पेल्यात अल्प मद्य घेऊन ते काही काळ तसेच ठेवावे आणि ओठ किंचित विलग ठेवून हळूहळू हुंगावे. एक घोट जिभेवर फिरवून, गिळल्यानंतर उरणारा स्वाद किती टिकतो आणि कसा पालटतो, याकडे लक्ष द्यावे. मग पाण्याचे काही थेंब घालावेत: २०१७ साली कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीद्वारे दाखविले, की अल्कोहोलचे प्रमाण घटल्यावर ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकते, म्हणजे नाकाला अधिक गवसते. ज्यास मुरवणीचा परिणाम स्वतः पडताळावयाचा आहे, त्याने एकाच कारखान्याची दोन वयांची मद्ये, उदाहरणार्थ लॅगाव्हुलिनची ८ आणि १६ वर्षांची, शेजारी शेजारी ठेवावीत. बाटलीवरचे वय आतील सर्वांत तरुण मद्याचे असते आणि बाटलीत ते वाढत नाही, हेही ध्यानी असावे.

महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची पंचविशी आणि परवाना आवश्यक आहे, तो कायदा पाळावा. आणि ज्याला खरोखर चव घ्यावयाची आहे त्याने थोडेच घ्यावे, कारण नशा चढू लागली की जे पारखावयाचे तेच प्रथम निसटते.

ऊर्ध्वपातनात फिनॉलवर्गीय द्रव्ये उशिरा उतरतात, त्यामुळे उतरणाऱ्या मद्याची धार कोणत्या क्षणी तोडावी, हा निर्णय मद्याचे भवितव्य ठरवितो. त्याचे विवेचन पुढील लेखांकात करू.