रविवारची सभा

2 ऑक्टोबर 1988 रोजी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेस प्रारंभ झाला आणि 24 जून 1990 रोजी चौऱ्याण्णवाव्या भागाने तिची सांगता झाली. त्या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पडत हे सर्वश्रुत आहे, आणि त्याचे सारे श्रेय अन्य वाहिन्यांच्या अभावाला देऊन मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. परंतु 2020 च्या टाळेबंदीत, वाहिन्यांचा सुकाळ असताना, तीच मालिका लोकांनी पुन्हा आवडीने पाहिली, त्यामुळे ती उपपत्ती आता टिकण्यासारखी राहिलेली नाही.

मालिकेच्या श्रेयनामावलीत आधारग्रंथ म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचा निर्देश होता. 1919 पासून 1966 पर्यंत, प्रथम सुकथनकर व पुढे बेलवलकर प्रभृती पंडितांनी शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या या संहितेने कित्येक लोकप्रिय प्रसंगांना मूळ पाठातून रजा दिली आहे. मयसभेत फजीत झालेल्या दुर्योधनाला द्रौपदीने आंधळ्याचा पुत्र म्हणून हिणविल्याचे तीत नाही. वस्त्रहरणाच्या समयी तिने केलेला कृष्णाचा धावाही तीत तळटीपांकडे गेला आहे. मालिकेने मात्र दोन्ही प्रसंग ठसठशीतपणे दाखविले, म्हणजे दाखला पुण्याचा दिला आणि वहिवाट कीर्तनकाराची पाळली! मला यात प्रमाद दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मंदिरांच्या सभामंडपात ऐकलेली कथा लोकांच्या ठायी जशी नांदत होती, तशीच ती त्यांना परत मिळाली.

संवादलेखक राही मासूम रझा हे गाझीपूर जिल्ह्यातील गंगौलीचे, ‘आधा गाँव’ या कादंबरीचे कर्ते. फिरत्या चक्रामागून हरीश भिमाणींच्या धीरगंभीर स्वरात बोलणारा ‘समय’ हा सूत्रधार झाल्यामुळे कथेला कोणत्याही एका पक्षाची वकिली करावी लागली नाही. युद्धाचा भाग, खरे सांगायचे तर, कंटाळवाणा आहे; आकाशात एकमेकांकडे सरपटत येणारे ते बाण त्या काळीही हसू आणीत. खरे नाट्य आहे ते राजसभेत. केस धरून फरफटत आणलेली रूपा गांगुलींची द्रौपदी एकेका वृद्धापुढे आपली कैफियत मांडते, स्वतःला आधी हरलेल्या धर्मराजास मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, असे विचारते, आणि मुकेश खन्नांचे भीष्म, ज्यांच्या शब्दावर हस्तिनापूरचा कारभार चालावयाचा, ते मान खाली घालतात. या कज्ज्याचा निवाडा त्या सभेत झाला नाही, व्यासांनीही तो सोपा करून ठेवला नाही. म्हणूनच पाहणाऱ्याच्या घरी त्यावर वाद सुरूच राहतो.

मराठी प्रेक्षक या वादाला नवखा नव्हता. दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’, इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही पुस्तके मालिकेपूर्वी कितीतरी वर्षे घरोघरी पोहोचलेली होती. शिवाय पडद्यावरचा कृष्ण, नितीश भारद्वाज, हा मराठी रसिकांच्या ओळखीचा.

आज ज्यांना ही मालिका पुन्हा पाहण्याची इच्छा असेल, त्यांनी युद्धाचे भाग खुशाल वगळावेत, द्यूतसभा आणि कृष्णशिष्टाई मात्र सावकाश पाहावी, आणि मग सभापर्व उघडून द्रौपदीचा प्रश्न मुळातून वाचावा.