सोळा घरांचा खेकडा : संगणकीय खेळातील प्राणी कसे घडतात

व्हिडिओ गेम हा शब्द ऐकताच पालकांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती उमटू नये असे मी म्हणणार नाही. सुट्टीत घरी आलेला मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये मान घालून बसला, तर आईबापांनी चिंता करावी हे योग्यच आहे. परंतु खेळ खेळणे आणि खेळ घडविणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. घडविणाऱ्याला चित्रकला, गणित आणि निरीक्षण या तिन्हींची गरज पडते. त्या कामातील एका लहानशा भागाविषयी, म्हणजे खेळातील प्राणी कसा रेखाटतात याविषयी, येथे लिहावयाचे योजिले आहे.

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्र हे अतिसूक्ष्म चौकोनी ठिपक्यांनी बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. छायाचित्रात असे लक्षावधी ठिपके असतात आणि त्यांतला एकही डोळ्याला वेगळा दिसत नाही. पिक्सेल-चित्रात याच्या उलट घडते. तेथे ठिपके मोजकेच असतात, ते स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक ठिपका चित्रकाराने विचारपूर्वक भरलेला असतो. गणिताची चौकटीची वही घ्या, तिच्यावर आडवी सोळा व उभी सोळा घरे आखा. एकूण 256 घरे झाली. यांतले कोणते घर भरायचे, कोणत्या रंगाने भरायचे आणि कोणते रिकामे सोडायचे, एवढाच काय तो हा व्यवहार.

ही पद्धत कोणाच्या हौसेतून जन्मली नाही, अडचणीतून जन्मली. प्रारंभीच्या यंत्रांची स्मरणशक्ती फारच तोकडी होती. 1978 मध्ये जपानमधील तैतो या कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्वेडर्स’ हा खेळ तयार केला. त्यात पडद्याच्या वरच्या भागातून शत्रूंच्या रांगा खाली सरकत येतात. माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ असू नये, म्हणून शत्रू परग्रहावरचे ठरले आणि त्यांच्या आकृतींसाठी निशिकादो यांनी समुद्रातील जीवांचा आधार घेतला : माकूळ, खेकडा आणि ऑक्टोपस. त्यांतला खेकडा आडव्या अकरा आणि उभ्या आठ, म्हणजे अवघ्या 88 घरांत बसविलेला आहे. एका चित्रात त्याचे हात खाली आणि दुसऱ्या चित्रात वर. ही दोन चित्रे आलटून पालटून दाखविली, की तो चालू लागतो. जगभरच्या माणसांनी त्याला पाहताक्षणी ओळखले.

अडचणीतून रूप कसे घडते याचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण मारिओचे. 1981 च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी ही आकृती काढली, तेव्हा इतक्या थोड्या घरांत तोंड दाखविणे अशक्य होते. म्हणून त्यांनी नाकाखाली मिशी दिली. केस नीट दिसेनात, म्हणून टोपी घातली. हात हलताना शरीरापासून वेगळे दिसावेत, म्हणून खांद्यावर पट्टे असलेली विजार चढविली. पुढे ज्याला सारे जग मारिओचे व्यक्तिमत्त्व मानू लागले, ते मुळात जागेच्या टंचाईवर काढलेले उत्तर होते.

आता आपल्या सूर्यमाळकडे येऊ. पहिला पाऊस पडून ओढ्यांना पाणी आले, की रात्री विजेरी घेऊन खेकडे धरायला जाणे हे मोखाडा-जव्हारच्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा खेकडाच काढू.

खेकड्याला चालण्याच्या पायांच्या चार जोड्या आणि पुढे दोन डेंगे असतात. सोळा घरांच्या चौकटीत हे दहाही अवयव काढायला गेलात, तर खेकडा न दिसता गवताची जुडी दिसेल. कारण प्रत्येक पायाला एक घर आणि दोन पायांमध्ये एक रिकामे घर द्यावे लागते; जागा तेथेच संपते. म्हणून पायांच्या तीनच जोड्या ठेवाव्यात. पाहणाऱ्याचे मन चौथी जोडी आपोआप भरून घेते. डेंगे मात्र खऱ्याहून मोठे काढावेत, कारण खेकडा आपण डेंग्यांवरून ओळखतो. डोळे देठावर उभे असतात, म्हणून पाठीच्या रेषेच्या वर दोन घरे बाहेर काढावीत. एवढे केले की रंग न भरताही तो खेकडाच दिसतो. प्रारंभी डावी बाजूच काढून ती आरशासारखी उजवीकडे उलटवावी. त्याने श्रम निम्मे होतात. परंतु येथे एक खोच आहे. आपल्या ओढ्यातल्या नर खेकड्याचा एक डेंगा दुसऱ्याहून ठळकपणे मोठा असतो. उलटविलेल्या चित्रात दोन्ही सारखे येतात आणि चित्र निर्जीव वाटते. एका बाजूला दोन-तीन घरे वाढविली, की तोच खेकडा जागा होतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, ज्याने खेकडा हातात धरला आहे त्यालाच कळते.

रंगाच्या आधी आकृती, हा या कलेतला पहिला नियम. संपूर्ण चित्र काळ्या रंगाने भरून पाहावे. तरीही प्राणी ओळखू आला तर पुढे जावे, नाहीतर पुन्हा प्रारंभ करावा. आपल्या भागातील वाचकांना हा नियम नवा वाटू नये. बोहाड्याच्या रात्री मशालीच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर सोंग येते, तेव्हा दुरून त्याच्या रंगाचे बारकावे दिसत नाहीत. मुखवट्याची कड आणि नाचण्याची ढब एवढ्यावरच लहान मूलसुद्धा कोणते सोंग आले ते सांगते. (या मुखवट्यांतच देवतांची सोंगे असतात. त्यांना उचलून खेळातला मारायचा शत्रू करावे की नाही, हे गावाला विचारूनच ठरवावे, असे माझे मत आहे.)

बिबट्या काढताना हीच कसोटी लागते. नवशिक्या विद्यार्थी अंगभर ठिपके काढतो आणि चित्राचा चिखल होतो. चार-पाच ठिपके पुरतात. बिबट्या मांजरापासून वेगळा दिसतो तो ठिपक्यांमुळे नव्हे. खांद्याखाली झुकलेले डोके, जाड मान आणि टोकाशी वर वळलेली लांब शेपटी यांमुळे.

रंगांच्या बाबतीत कमी तेच अधिक उपयोगी. 1989 साली आलेल्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्राचा पडदा 160 गुणिले 144 ठिपक्यांचा होता आणि त्यावर हिरवट छटांच्या केवळ चार पायऱ्या दिसत. कमी रंगांत काम भागविण्याचा याहून जुना आणि जवळचा धडा आपल्या भिंतींवर आहे. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढ्या दोहोंवर वारली चित्रकला उभी आहे. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. त्यांचा कल बदलला, की तोच माणूस नाचतो, वाकून भात लावतो किंवा ओझे वाहतो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून जगापुढे नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्र हे पिक्सेल-चित्र नव्हे, हेही स्पष्ट करतो. त्यातील रेषा मोकळ्या हाताची असते, चौकटीत बांधलेली नसते. तिची नक्कल खेळात चिकटविण्यात मला स्वारस्य नाही. घ्यायचा तो तिचा विचार : रंग थोडे, पार्श्वभूमीशी त्यांचा विरोध ठळक, आणि देहाच्या कलातून कृती.

ओढ्याच्या काठचा तपकिरी खेकडा तपकिरी चिखलावर दिसतच नाही. निसर्गाला ते हवे असते, खेळणाऱ्याला चालत नाही. अशा वेळी खेकड्याभोवती गडद कड द्यावी, किंवा चिखलाची छटा एक पायरी फिकट करावी. सावलीसाठी काळा रंग मिसळू नये, त्याने चित्र मळकट होते. तपकिरीला थोडे निळसर-जांभळ्याकडे झुकवावे. उजेड एकाच दिशेने, शक्यतो वरून, पडलेला ठेवावा. काम संपल्यावर चित्र मोठे करायचे ते दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतच. दीडपट केले तर घरे वेडीवाकडी होतात. ते पीएनजी स्वरूपात साठवावे. जेपीजीमध्ये कडा विटतात. ‘पिस्केल’ किंवा ‘लिब्रेस्प्राइट’ ही साधने विनामूल्य मिळतात, आणि तीही नसतील तर संगणकातील साधे ‘पेंट’ चालते.

जागा वाचविण्याची आणखी एक युक्ती म्हणजे एकच तुकडा अनेक ठिकाणी वापरणे. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच आहे, केवळ रंग बदलला आहे. हे सांगताना मला दरवेळी अजिंठा आठवतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत आणि त्या चौघांत मिळून शिर एकच आहे. कोणत्याही हरणाकडे पाहा, ते शिर त्याचेच वाटते. सारनाथच्या मृगवनाचे स्मरण देणारी ती हरणे पाचव्या शतकातील त्या शिल्पकाराने चार धडे आणि एक मस्तक एवढ्यात भागविली. सहलीला जाल तेव्हा मुलांना तेथे थांबवून डोकी मोजायला सांगा.

आता जे सांगितल्याशिवाय राहवत नाही ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात काही मुलांना मी प्राणी काढायला बसविले. वीज वारंवार जात होती, म्हणून काम वहीवरच चालले. पहिल्या दिवशी जवळजवळ सर्वांनी पिकाचू काढला, आणि तोही हुबेहूब. पिकाचूविषयी मला आकस नाही. आत्सुको निशिदा यांनी तो रेखाटताना गालांच्या पिशव्यांची कल्पना खारीवरून घेतली. पोकेमॉनचा मूळ खेळ 1996 मध्ये आला, तो घडविणारे सातोशी ताजिरी हे लहानपणी तोक्योजवळच्या माचिदा येथे किडे गोळा करीत हिंडत असत. शहर वाढले, तळी आणि शेते बुजली, किडे दिसेनासे झाले. शहरातल्या मुलांना तो शोधण्याचा आनंद निदान पडद्यावर तरी मिळावा, या इच्छेतून तो खेळ निघाला. ताजिरींनी जे गमावले ते आमच्या मुलांच्या दाराशी अजून आहे, आणि तीच मुले गमावलेल्याची प्रतिकृती गिरवीत बसली होती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी घरांतून आलेली ही मुले पावलाच्या ठशावरून जनावर सांगतात. परंतु खेळात घेण्याजोगा प्राणी म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी, असा त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी मी खेकडा काढायला सांगितला. वर लिहिलेले बरेचसे, पायांच्या जोड्या कमी करण्यापासून मोठ्या डेंग्यापर्यंत, त्यांनीच खोडरबर झिजवून शोधले. मग प्रश्न आला : हा खेकडा खेळात करणार काय? एका मुलाने त्याला गोळ्या झाडायला लावले. त्यावर मुलींनी हरकत घेतली. रोज सकाळी पंचशील ग्रहण करायचे आणि दुपारी वहीत खेकडे मारायचे, हे कसे? उलट मुलांनी विचारले, की घरी आपण खेकडे धरतो आणि खातोही, ते काय? वाद चांगलाच रंगला. मी निवाडा दिला नाही. अखेरीस त्यांनी नियम केला तो असा : खेळात रात्र असेल, उजेड एकदम अंगावर पडला तर खेकडा बिळात शिरेल, स्थिर उभे राहिल्यास बाहेर येईल, आणि पोटाशी पिले असलेली मादी धरली तर डाव हरला.

नियम सुंदर झाला, पण चित्र अडले. मादीचे पोटाखालचे झाकण रुंद असते आणि पिले त्याच्या आत असतात. वरून पाहिलेल्या खेकड्यात ते दिसणार कसे? त्यांनी खेकडा समोरून काढला, पाठ एका ओळीने उंच केली आणि खाली तीन फिकट घरे भरली. दुरून ती पिले न वाटता दात वाटतात. एका मुलीचे म्हणणे असे, की रंग बदलू नये, चाल बदलावी : दोन चित्रांऐवजी तीन द्यावीत, म्हणजे मादी जड आणि सावकाश चालेल. वहीच्या तीन पानांवर ती तीन चित्रे तयार आहेत. संगणकावर चढवायची राहिली आहेत.