विद्युत् मोटारगाडी
विद्युत् घटमालेवर चालणारी मोटारगाडी. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या धोरणाने तिच्या खरेदीस सवलती दिल्या. तथापि बीड जिल्ह्यातील अनेक चालक डिझेल सोडण्यास राजी नाहीत. जादा किंमत हे एक कारण होय. परळी वैजनाथ येथे औष्णिक वीजकेंद्र असलेल्या या जिल्ह्यात खरी अडचण विजेपेक्षा वेळेची आहे. सु. ३० किलोवॉट-तास क्षमतेची घटमाला १५ अँपिअरच्या घरगुती जोडणीवर भरण्यास नऊ-दहा तास लागतात व तेवढ्यावर गाडी सु. २०० किमी. धावते. बीड ते छत्रपती संभाजीनगर हे जाण्यायेण्याचे अंतर मात्र सु. २६० किमी. आहे. घरी एकच गाडी असलेल्यास रात्री-अपरात्री रुग्णास तेथवर नेण्याचा प्रसंग गृहीत धरावाच लागतो. अशा वेळी घटमाला भरण्याची वाट पाहता येत नाही.