ओलीस कन्येची प्रेमकथा

डिस्नेचा ‘पोकाहॉन्टस’ हा अ‍ॅनिमेशनपट १९९५ साली प्रदर्शित झाला, त्यातील एका गीताला पुढे ऑस्कर मिळाले, आणि ज्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी एक ओळही वाचलेली नव्हती, अशा मुलांच्याही मनात कड्यावर उभी असलेली ती पूर्ण यौवनातील कन्या आणि तिच्या प्रेमात पडलेला सोनेरी केसांचा इंग्रज कप्तान जॉन स्मिथ ही जोडी कायमची ठसली. चित्रे मनोहर आहेत, संगीत श्रवणीय आहे, आणि गोऱ्यांच्या सुवर्णलोभाची निर्भर्त्सनाही त्यात मोकळेपणाने केलेली आहे. हे सर्व मान्य करूनही मला असे म्हणावेसे वाटते, की या चित्रपटाने एका खऱ्या स्त्रीवर अन्याय केला. कारण तिच्या आयुष्यातील ज्या चार वर्षांचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, नेमकी तीच त्याने गाळली.

१६०७ च्या मे महिन्यात लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीच्या माणसांनी जेम्सटाउनची वसाहत वसविली, तेव्हा त्या मुलखात वहुनसेनाका, ज्याला इंग्रज पॉहॅटन म्हणत, त्याची सुमारे तीस जमातींवर अधिसत्ता होती. आणि मटोआका ऊर्फ पोकाहॉन्टस ही त्याच्या अनेक अपत्यांपैकी एक, जेमतेम अकरा वर्षांची मुलगी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस कैद होऊन तिच्या पित्यापुढे आणला गेलेला स्मिथ सत्तावीस वर्षांचा होता. सोटे उगारले गेले असता या बालिकेने त्याच्या मस्तकावर आपले मस्तक ठेवून त्याचे प्राण वाचविले, ही जगप्रसिद्ध कथा त्याने १६०८ साली छापलेल्या हकीकतीत नाही. ती सविस्तर अवतरली १६२४ सालच्या त्याच्या ग्रंथात, म्हणजे पोकाहॉन्टस आणि तिचा पिता दोघेही दिवंगत झाल्यावर. तुर्कांच्या कैदेतही आपल्यावर एका कुलीन स्त्रीची कृपा झाल्याचे याच गृहस्थाने लिहून ठेवले आहे. पोकाहॉन्टसने प्राण वाचविल्याचा प्रसंग घडला असेल, तर परक्याला जमातीत सामावून घेण्याचा तो विधी असावा, असे काही अभ्यासक मानतात. प्रणयाचा मात्र कोणत्याही दस्तऐवजात मागमूस नाही.

जखमी स्मिथ स्वदेशी निघतो, तेथे चित्रपट संपतो, आणि तिची खरी कैफियत तेथूनच पुढे सुरू होते. पडद्यावर कोकोम हा तिला न रुचणारा, कठोर मुद्रेचा वर आहे व तो गोळीने मरतो. वसाहतीचा चिटणीस विल्यम स्ट्रेची याने मात्र तिचा कोकोमशी विवाह झाल्याची नोंद केली आहे. १६१३ च्या एप्रिलमध्ये कप्तान सॅम्युअल आर्गल याने पटावोमेक जमातीच्या एका सरदाराला फितविले, त्याच्या मदतीने तिला फसवून जहाजावर आणले, आणि सरदाराच्या पदरात मोबदला म्हणून तांब्याचे एक भांडे टाकले. कैदी, हत्यारे आणि धान्य यांसाठी तिला ओलीस ठेवण्यात आले; पित्याने काही कैदी व हत्यारे परत पाठविली, तरी मागणी पुरी झाली नाही या सबबीवर तिची सुटका झाली नाही. एक वर्षाच्या आत या बंदिवान मुलीला ख्रिस्ती धर्माचे पाठ देण्यात आले, बाप्तिस्मा देऊन तिचे नाव रिबेका ठेवण्यात आले, आणि ५ एप्रिल १६१४ रोजी तंबाखूचा मळेवाला जॉन रॉल्फ याच्याशी तिचा विवाह लागला. विवाहाची परवानगी मागताना रॉल्फने गव्हर्नरला जे लांबलचक पत्र लिहिले, त्यात वसाहतीचे हित, देशाचा मान आणि ईश्वराचा गौरव यांची चर्चा आहे. तिची इच्छा विचारल्याचा उल्लेख मात्र शोधावा लागतो. कैदेत तिच्यावर बलात्कार झाला, असे मॅटापोनी जमातीची मौखिक परंपरा सांगते, आणि ही परंपरा २००७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली. सर्वच इतिहासकार ती स्वीकारतात असे नाही. पण ती बाजूला ठेवली, तरी ज्या मुलीला घरी परतण्याची मोकळीक नव्हती, तिच्या होकाराला स्वेच्छा म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही.

१६१६ साली कंपनीने तिला लंडनला नेले, ते वसाहतीसाठी भांडवल गोळा करावयाचे होते म्हणून. या कंपनीचा त्या वेळचा प्रमुख सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही पहिला गव्हर्नर होता, आणि सुरतेच्या वखारीचा आरंभही याच सुमाराचा आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ तिला भेटावयास गेला, तेव्हा ती बराच वेळ तोंड फिरवून बसली, आणि मग तिच्या पित्याला दिलेल्या वचनांची त्याला आठवण देऊन, तुझे देशबांधव फार खोटे बोलतात, अशा आशयाचे बोल तिने सुनावले. हे स्वतः स्मिथनेच लिहिले आहे. एका संतप्त, स्वाभिमानी स्त्रीचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो येथे, आणि कोणत्याही पटकथाकाराला याहून समर्थ प्रसंग सुचला नसता. परतीच्या प्रवासाच्या आरंभीच, १६१७ च्या मार्चमध्ये, ती ग्रेव्हसेंड येथे वारली, वयाच्या अवघ्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी. १९९८ साली निघालेल्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागात मात्र ती रॉल्फसह सुखरूप मायदेशी निघते.

हे असे का केले जाते? कन्येने परक्यावर प्रेम केले असे दाखविले, की तिच्या भूमीचे हरण हे आक्रमण न उरता निमंत्रण ठरते, आणि प्रेक्षकाचे मन निर्धास्त होते. या कथेचा लाभ कोणाला झाला, हे व्हर्जिनिया राज्याच्या १९२४ सालच्या वंशशुद्धीच्या कायद्यात स्पष्ट दिसते. आपण पोकाहॉन्टसचे वंशज आहोत असा अभिमान मिरविणाऱ्या उच्चकुलीन गोऱ्यांसाठी त्यात सोळाव्या हिश्श्यापर्यंतच्या मूळनिवासी रक्ताचा अपवाद ठेवला होता. उलट, तिच्या स्वतःच्या लोकांची नोंद सरकारी दप्तरात केवळ ‘वर्णीय’ म्हणून होऊ लागली, आणि पुढे आपले अस्तित्व सिद्ध करण्याची वेळ आली, तेव्हा हेच कागद त्यांच्या आड आले. पॉहॅटनच्या अंमलातील प्रमुख जमात असलेल्या पामंकींना अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिली ती २०१५ साली, चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर तब्बल वीस वर्षांनी.