न्हाणीची वाट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदा सर्व वृत्तपत्रांत झळकते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवायचे आणि एका तीरावरून पांढुर्ण्याने व दुसऱ्या तीरावरून सावरगावाने परस्परांवर दगडांचा वर्षाव करायचा, अशी ही ‘गोटमार’. तीत डोकी फुटतात, प्रसंगी प्राणही गेले आहेत, आणि शासनाला दरवर्षी बंदोबस्त ठेवावा लागतो. दगड दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. आज आम्ही ज्या संकटाविषयी लिहिणार आहोत, ते मात्र घराच्या न्हाणीत, फळीच्या कोपऱ्यात, बाटलीत निपचित बसलेले असते. पांढुर्ण्यातही ते आहे आणि आमच्या किनाऱ्यावरही आहे. तुंबलेली मोरी हा अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, असे वाचकांना वाटेल. शेवटपर्यंत वाचल्यावर तसे वाटणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.

पांढुर्णा आणि सौसर हे मराठी बोलणारे तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिले. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून ते वेगळे निघाले आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख समुद्रापासून फार दूर. तरी स्नान करण्याच्या जागेला ‘न्हाणी’ म्हणण्याचा वारसा तिकडचा आणि इकडचा एकच आहे. किंबहुना भारतातील बांधकामशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांनीही हा शब्द उचलला आहे. फरशीच्या पातळीवर बसवतात त्या पाणी धरणाऱ्या सापळ्याला अभियंते ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तो आपल्या न्हाणीचाच होय.

जुन्या घरात न्हाणीचे पाणी उघड्या पन्हळीने परसात जाई आणि अळू, केळ यांच्या मुळाशी जिरे. कुठे अडले तर डोळ्यांना दिसे. काठी घेतली, गाळ ओढला, काम संपले. आता घरे सिमेंटची झाली आणि पाण्याची वाट नळीच्या पोटात गेली. सवयी मात्र उघड्या पन्हळीच्याच राहिल्या. भांडी घासलेली राख, भाकरीच्या परातीतले पीठ, ताटातले तेलतूप, माशांची खवले, विंचरलेले केस, संत्र्याच्या बिया, हे सारे त्याच बंद नळीत जाते. तूप गार पडून नळीच्या आत थर धरते, त्यावर राख आणि पीठ चिकटते, केस त्याला दोरीसारखे बांधून ठेवतात. मोरी एका दिवसात तुंबत नाही. ती महिनोन् महिने तुंबत असते, आपल्याला मात्र शेवटच्या दिवशी कळते.

नळीच्या वाकणात पाणी मुद्दाम साठवून ठेवलेले असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने 1775 साली अशा वाकलेल्या नळीचे पेटंट घेतले. वाकणात साचलेले ते थोडेसे पाणी गटारातला दूषित वायू घरात येऊ देत नाही. पण ज्या वाकणात पाणी थांबते, तिथेच गाळही थांबतो. म्हणून बहुतेक वेळा अडथळा दूर कुठे नसून हाताच्या अंतरावर असतो, आणि तो हातानेच निघतो.

तो काढण्याची रीत साधी आहे. आधी जाळी उचलावी, रबरी हातमोजे घालून वरचा गाळ काढावा. न्हाणीच्या सापळ्यात उलटी वाटी असेल तर ती काढून धुवावी. त्याने भागले नाही तर लाकडी दांड्याची रबरी वाटी घ्यावी. ती बुडेल एवढे पाणी मोरीत ठेवावे, शेजारचे दुसरे भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरावे आणि पंधरावीस वेळा सरळ, संथ दाब द्यावा. फडके न लावल्यास सारा जोर त्या भोकातून निघून जातो आणि माणूस उगाच थकतो. स्वयंपाकघरातील मोरीखाली आट्यांचे वाकण असते. त्याखाली बादली ठेवून ते हाताने उघडता येते, धुऊन पुन्हा बसवता येते. लांबचा अडथळा असेल तर लवचीक तार फिरवत आत घालावी. तुपाच्या थराला साबणाचे गरम पाणी पुरते. मात्र ते उकळते नसावे, कारण प्लॅस्टिकची नळी उकळत्या पाण्याने मऊ पडून सांध्यावर वाकते. ज्यांच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आले आहे, त्यांनी आधी त्याची वीज तोडावी आणि तळाची गाळणी काढून पाहावी. आणि घरातील सगळ्याच मोऱ्या एकदम उलट्या वाहू लागल्या, तर दोष बाहेरच्या चेंबरात किंवा सेप्टिक टाकीत आहे असे समजावे. आतल्या मोरीशी झुंजण्यात अर्थ नाही.

हे सर्व अर्ध्या तासाचे काम आहे. परंतु त्या अर्ध्या तासाचा कंटाळा येतो, म्हणून हात त्या बाटलीकडे जातो. कॉस्टिक सोडा पाण्यात पडताच इतका तापतो की पाणी उसळून अंगावर येते. तो कातडी आणि डोळे जाळतो. ॲसिडने भागले नाही म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकणारे महाभागही आहेत. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता, तो हाच वायू. दार लावलेल्या चिंचोळ्या न्हाणीत गृहिणीने तो अजाणता निर्माण करावा, याहून करुण अज्ञान कोणते? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ग्राहकाची ओळख पाहावी, 18 वर्षांखालील कोणासही ते विकू नये, असा तो आदेश आहे. आदेश कागदावर राहतो तेव्हा तेच ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीतून घरात येते, आणि घरातल्या लहान मुलाला बाटली तेवढी ओळखीची वाटते.

अपघात घडलाच तर डोळे अथवा कातडी वाहत्या पाण्याने निदान 15 ते 20 मिनिटे धुवावी. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळते. तोंड धुऊन, ती बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. वायू सुटला तर मोरीचा विचार सोडून आधी मोकळ्या हवेत यावे.

आम्हांस अधिक चिंता वाटते ती आपल्यामागून येणाऱ्या माणसाची. आपण दोन बाटल्या ओततो, मोरी उघडत नाही, मग प्लंबरला बोलावतो. तो बिचारा खाली वाकून वाकणाची आटी फिरवतो आणि आत साचलेले ॲसिड त्याच्या तोंडावर येते. ‘मी यात अमुक ओतले आहे’ एवढे एक वाक्य त्याला सांगणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. लाजेपोटी अथवा विसरण्यापोटी ते न सांगणे, हा आमच्या मते अपराध होय.

याच वाटेच्या टोकाला सेप्टिक टाकी आहे. तिच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड वायू कोंडलेला असतो. थोडा असताना तो सडक्या अंड्यासारखा वास देतो. वाढला की माणसाचे घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस खाली उतरतो, कोसळतो, आणि त्याला वाचवण्यास उतरलेला दुसराही परत येत नाही. संरक्षक साधनांवाचून टाकीत वा गटारात माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा केवळ नगरपालिकांना आहे असे समजू नये, घरमालकासही तो लागू आहे. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण तीस लाख मोजण्याची वेळ येते, तेव्हा एक घर उद्ध्वस्त झालेले असते. खाली उतरणारी माणसे पिढ्यान् पिढ्या कोणत्या जातींतून आली, हे या देशात कोणाला सांगावे लागत नाही.

पांढुर्ण्याचा जिल्हा नवा आहे, त्याच्या प्रशासनाची घडी बसत आहे. टाक्या उपसणारी यंत्रगाडी सामान्य माणसास परवडेल अशा दरात आणि बोलावताच मिळेल, अशी व्यवस्था आरंभापासूनच व्हावी, असे आम्ही सुचवू इच्छितो. आमच्या किनाऱ्यावरील पालिकांना आणि पंचायतींना हेच सांगणे आहे. गाडी येत नाही, म्हणून लोक माणूस बोलावतात.

उरला प्रश्न घरांचा. भांड्यातले तूप कागदाने पुसून मग भांडे घासावे, मोरीवर बारीक जाळी ठेवावी, आठवड्यातून एकदा सापळा धुवावा. हे करणारे हात घरातल्या सर्वांचे असावेत, एकट्या गृहिणीचे नसावेत. आपल्या घरातून निघालेले पाणी दुसऱ्या कोणाचे अंग जाळणार नाही आणि कोणाचा श्वास कोंडणार नाही, एवढी काळजी घेतली तरी नागरिकत्वाचा एक मोठा धडा आपण घरातच गिरवला, असे आम्ही म्हणू.