लहान, पण वेगवान: ग्राहकाला काय हवे?
पुणे–अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव येथे तयार झालेली, १४५ अश्वशक्तीची 'अबार्थ पुंटो' ही हॅचबॅक, म्हणजे मागचे दार वर उघडणारी आखूड मोटार, २०१५ मध्ये बाजारात आली. परंतु तिचे १.४ लिटरचे इंजिन लहान पेट्रोल मोटारींच्या १,२०० घनसेंमी या करमर्यादेबाहेर गेले. २०२४ च्या 'अल्ट्रोझ रेसर' या हॅचबॅकने मात्र ही मर्यादा पाळूनही टर्बोचार्जरच्या, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणाऱ्या यंत्राच्या, बळावर १२० अश्वशक्ती साधली. पण गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे अडकलेल्या चालकाला सर्वोच्च वेगापेक्षा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच मिळायला हवा असतो आणि गतिरोधकावर गाडीचा तळ घासू नये, हीही त्याची रास्त अपेक्षा असते. हा जोर हवा तेव्हा चालकाला स्वतः साधता यावा, म्हणून पुढच्या पिढीच्या गाड्यांतून निर्मात्यांनी हाताने बदलायचा गिअर मुळीच वगळू नये.